डोंगराला बोललेला नवस

त्या डोंगराचं नाव मी लिहिणार नाही. मिरजेच्या आसपासच्या लोकांना ते लगेच कळेल आणि बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही. नाव लिहिलं की पुढच्या रविवारी पायथ्याशी गाड्यांची रांग लागते, पोरं काठावर उभी राहून रील काढतात आणि एखादा शहाणा हा डोंगर मुळात कुणाचा, असा वाद उकरून काढतो. आज वर सगळं सुखाने चाललंय. महादेवाचं देऊळ आहे, देवळापासून हाकेच्या अंतरावर पिराचा दर्गा आहे, त्याच्या वरच्या कपारीत जैनांच्या पादुका आहेत. मागच्या अंगाला दगडात कोरलेल्या जुन्या खोल्या आहेत. माझ्या वडिलांच्या मते ती बौद्ध लेणी आहेत आणि बाकी सगळ्यांच्या मते त्या पांडवांनी एका रात्रीत कोरल्या.

माझा या डोंगराशी काडीचा संबंध नव्हता. आईचा तर त्याहून नव्हता. आम्ही वडूजकडचे. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तेव्हा घरातले टाक नि मूर्ती टोपलीत घालून ओढ्यात सोडले, आणि तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, उपास नाही, कुणाच्या अंगात येणं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फौजेत होते. सुभेदार होऊन परत आले आणि गावात विहाराची देखरेख बघू लागले. शेजारीण कधी अंगारा घेऊन आली तर आबा तिला बसवून चहा पाजतात आणि जाताना अंगारा तिच्या हातात परत देतात. आईही त्यांच्याच तालमीत तयार झालेली. माझ्या दहावीच्या परीक्षेला मैत्रिणीच्या आईने माझ्यासाठी गणपतीला नारळ ठेवला होता, तर माझी आई तिला म्हणाली होती, "नारळ माझ्याकडं द्या, चटणी करते. पेपर ती लिहिंल."

अशा बाईने नवस बोलावा, तोही गुपचूप, ही गोष्ट मला आजही खरी वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पोटात गाठ निघाली. मी सांगलीत राहते, शाळेत गणित शिकवते. मिरजेत ऑपरेशन झालं, गाठ तपासायला पाठवली आणि रिपोर्ट येईपर्यंत मला वॉर्डातच ठेवून घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी आबा होते, पण घरी म्हशी होत्या म्हणून त्यांना परत जावं लागलं. आई माझ्याजवळ राहिली. शेवटी रिपोर्ट आला. साधी गाठ, काळजीचं कारण नाही. डॉक्टर हे सांगत असताना माझा नवरा भिंतीला टेकून हळूहळू खालीच बसला. आबा फोनवर "व्हेरी गुड" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून बहुधा गोठ्यात जाऊन रडले. मी उशीत तोंड खुपसून इतकी हसले की टाके दुखायला लागले. सुटलो, हा एकच शब्द डोक्यात फिरत होता.

आम्ही सांगलीला घरी आलो. आई माझं करायला म्हणून राहिली. तिला शुगर आहे, जुनी. पायांना मुंग्या येऊन येऊन आता तळव्यांची जाणीवच गेलीय. काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून तिला घरातसुद्धा मऊ रबराच्या चपला घालून फिरायला सांगितलं होतं, आणि ती इमानाने फिरतही होती. माझ्याकडे आल्यावर मात्र त्या चपला दिसेनात. विचारलं तर म्हणाली, "पट्टा तुटला." मी नवऱ्याला सांगून नव्या मागवल्या. "घट्ट हुत्यात." बदलून आणल्या. "आता सैल झाल्या." असली उत्तरं मी वर्गात रोज ऐकते. गृहपाठाची वही कधी गावी राहते, कधी भिजते, कधी धाकट्या भावाने फाडलेली असते. पण मी पोटाला हात लावून खाटेवर पडलेली, माझं सगळं लक्ष माझ्याच टाक्यांवर होतं.

एके दिवशी दुपारी ती भाजी आणायला गेली. बाहेर डांबर वितळेल असं ऊन. परत आली, पिशवीतून मेथी काढली आणि निवडत बसली. दारापासून तिच्या बैठकीपर्यंत फरशीवर ओले ठसे उमटले होते. पाणी कुठे सांडलं म्हणून मी उठून बघायला गेले, तर ते रक्त होतं. उजव्या अंगठ्याखालची कातडी भाजून फोड आला होता, तो फुटला होता आणि त्यात खडी रुतली होती. आईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. "कुणाचं रगत गं?" तिने मलाच विचारलं.

डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि आमच्याकडे बघत स्पष्ट सांगितलं, "चपलेशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. जखमेवर जोर पडत राहिला तर बोट काढावं लागेल. आणि बोटावरच थांबेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

घरी आल्यावर मी नव्या चपलांचं प्लॅस्टिक टरकावलं आणि त्या तिच्या पुढ्यात ठेवल्या.

"घाल."

"न्हाई घालता येत गं."

"का नाही? आता कुठे टोचतात?"

आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी बोललीया."

"कुणाला?"

"डोंगराला."

मला आधी वाटलं, उन्हाचा परिणाम झाला असावा. मग तिने सगळं सांगितलं. आमच्या वॉर्डला पूर्वेची मोठी खिडकी होती आणि तिच्यातून तो डोंगर दिसायचा. मी तो पाहिलाही नव्हता, कारण माझी खाट उलट्या दिशेला होती. शेजारच्या खाटेवर एक जैन बाई होती. तिची सासू, जिला सगळा वॉर्ड अक्का म्हणायचा, आंघोळ झाली की खिडकीशी जाऊन वरच्या पादुकांना हात जोडायची. समोरच्या मुलीची आजी मिरजेचीच, मुसलमान. तीही तिथेच उभी राहायची, दोन्ही तळवे उघडे धरून, आणि पिरबाबांशी हळू आवाजात बोलायची. दाराजवळच्या खाटेची तासगावकडची बाई उठूही शकत नव्हती, ती पडल्या पडल्या त्याच खिडकीकडे बघून म्हणायची, "महादेवा, तूच बघ रं बाबा." आणि माझी आई एवढे दिवस खिडकीला पाठ करून माझ्या पायांशी बसलेली.

"रिपोर्ट यायचा हुता त्या सकाळी लय घाबरं झालं बघ," आई म्हणाली. "तू झोपलीवतीस. त्या समद्या कुणाला तरी सांगत हुत्या. मला सांगाय कोन न्हवतं."

एवढं ऐकल्यावर माझा राग जागच्या जागी थिजला. पुढचं ती जरा घाईघाईने बोलली, पोलिसाला जबानी दिल्यासारखं. "मी देवाचं नाव घेतलं न्हाई हां. कुनाचंच न्हाई. खिडकीशी गेले आन् म्हनलं, तू डोंगर हायस, मी तुला डोंगरच म्हनते. माज्या लेकीचं चांगलं निघू दे. पायात काय न घालता तुज्या माथ्यापतूर चढून येते. तवर चपला सोडल्या."

"वर कोण कोण राहतं माहीत होतं ना तुला? मग नवस पोचला कुणाला? महादेवाने ठेवून घेतला की पिराने?"

"म्या डोंगराला बोलले," आई ठामपणे म्हणाली. "वर कोन भाड्यानं राहतंय त्ये डोंगर आन् त्येंचं त्ये बघून घेतील."

हसू आलं, पण हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. डोंगर चढल्याशिवाय ती चपला घालणार नाही. चपला घातल्याशिवाय जखम भरणार नाही. आणि जखम भरल्याशिवाय ती डोंगर चढणार कशी? गणिताच्या बाईला असलं गणित घरात मिळावं आणि ते सुटू नये! त्या वर्तुळात माझ्या आईचा पाय अडकला होता आणि तो माझ्यामुळे अडकला होता. माझी गाठ साधी निघाली, मी ठणठणीत बरी होणार होते, आणि त्याच्या बदल्यात तिचं बोट जाणार, कदाचित पाऊलही. मी तिला नाही नाही ते बोलले. अडाणी म्हणाले, हट्टी म्हणाले, इतक्या वर्षांची वंदना वाया गेली म्हणाले. ती शांतपणे पट्टीचा पाय उशीवर ठेवून बसली होती. "बोटाचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली, "तू उठून भांडतीस न्हवं? मग झालं."

मी चिडून स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण भांडी विसळत बसले.

संध्याकाळी आम्ही तिच्याशी वाटाघाटी केल्या. मी जाऊन येते म्हणाले. ती म्हणाली, जिच्यासाठी बोलले तिलाच टाके असताना चालवू व्हय? माझा नवरा म्हणाला, आई, मी चढतो, मला सवय आहे. त्यावर तिने पदर तोंडाला लावला. "जावयाला अनवाणी डोंगर चढाय लावू? पाव्हणं, म्हायेरात कळलं तर मला तोंड दावाय जागा ऱ्हाणार न्हाई." मोटारीने निम्म्यापर्यंत जाऊ म्हटलं, तर म्हणाली, चढते असं बोलले, मोटारीतनं येते असं न्हाई. घरातल्या दुसऱ्या कुणी चाललं तर चालतं का, हे मी खोदून विचारलं. तेव्हा कुठे म्हणाली, चालतं. तिच्या लहानपणी आजूबाजूला तसंच असायचं. बोलणारी म्हातारी थकली तर तिचा लेक जायचा, नाहीतर दीर, नाहीतर नवरा.

मला भाऊ नाही. आईचे दीर कधीच वारले. उरलं कोण, ते आम्हा तिघांनाही कळलं.

"ह्यास्नी सांगायचं न्हाई," आई म्हणाली. "माजी शपथ हाय तुला."

मी बरं म्हटलं, गॅलरीत गेले आणि आबांना फोन लावला. असल्या शपथा पाळण्याइतकी मी भली बाई नाही.

आबा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आले. म्हशी आपल्या चुलतभावाकडे लावून आले होते. हातपाय धुतले, आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि तिचा पट्टीचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन उलटसुलट पाहिला. मी दारात उभी. आबा चिडले की ओरडत नाहीत, ते शुद्ध भाषेत बोलायला लागतात.

"कवा बोललीस?" त्यांनी विचारलं. शुद्ध नव्हतं, म्हणजे अजून आशा होती.

"रिपोर्टच्या दिशी."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी रागावला असता."

"व्हय, रागावलो असतो. मग?"

"मग काय?"

"मग राग उतरला असता न्हवं? माजा राग उतरतो. बोट उगवतं का परत?"

आबा उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आता येऊन ते व्याख्यान देणार, अशी माझी खात्री होती. विहारात पोरांना देतात तसं, कार्यकारणभाव आणि श्रद्धा. मी मनातल्या मनात आईच्या बाजूने वकिली करायची तयारीही केली होती. आबा आत आले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "डोंगर केवढा हाय? पायऱ्या हायत का पायवाट?"

नवरा म्हणाला, "आधी पायऱ्या, मग खडक."

"बरं." मग आईकडे वळून, एखादी साधी चौकशी करावी तसं, "माजं चाललेलं चालतंय का तुज्या त्या डोंगराला?"

आई दचकलीच. "तुमचं कसं चालंल? तुमी मानत न्हाई."

"मानायचं काम तुजं. चालायचं माजं."

तिथे आईचा धीर सुटला. इतके दिवस बोट जाऊ दे म्हणणारी ती बाई हुंदके देऊन रडायला लागली. तिला स्वतःचं काही वाटत नव्हतं. आबांचा नेम आपल्यामुळे मोडेल, ही भीती तिने उरात धरली होती. "साऱ्या जल्मात तुमी कुनाच्या पायरीला गेला न्हाई," ती म्हणाली. "माज्यापायी आता म्हातारपनी? लोकं काय म्हनतील? त्यापरीस बोट गेलेलं बरं."

आबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "फौजेत एका छपराखाली समद्यांचे देव हुते. साहेब म्हनायचे, हाजिर रहो. मी हजर ऱ्हायचो. हात जोडा म्हनून कुनी सांगितलं न्हाई आन् मी जोडलं न्हाईत. हजर ऱ्हायलं म्हनून मानूस बाटत न्हाई."

त्यांना जरा सोपं जावं म्हणून मी मध्ये तोंड घातलं. "आबा, मागच्या बाजूला लेणी आहेत ना? लेणी बघायला चाललो म्हणा. कुणी काही म्हणणार नाही."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतली मुलगी झाल्यासारखं वाटलं. "लेणी बघाय मी बूट घालून जाईन. ह्ये तिच्यासाठी हाय. खोटं कशाला बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही निघालो. आईला पुढच्या सीटवर बसवलं, पाय उशीवर. नव्या चपला मी पिशवीत घेतल्या. पायथ्याशी चिंचेच्या झाडाखाली गाडी लावली. आबांनी आपल्या चपला काढून आईच्या पायांजवळ गाडीत ठेवल्या, विजार घोट्याच्या वर दुमडली आणि आधी उजव्या, मग डाव्या पावलाने जमीन दाबून पाहिली. त्या पायांनी आयुष्यभर बूट नाहीतर चपला घातल्या होत्या. तळवे पांढरे, बाळासारखे मऊ. पहिल्याच खड्यावर त्यांचा चेहरा आक्रसला आणि लगेच सरळ झाला.

"हळू जावा वो," आई म्हणाली. "आवं, घाई न्हाई डोंगराला."

"डोंगराला न्हाई, मला हाय. ऊन व्हायच्या आत उतरायचंय."

माझा नवरा त्यांच्या मागे बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन. मी आईपाशी थांबले. गाडीतून पायऱ्यांचा पहिला टप्पा स्वच्छ दिसत होता. आबांचा पांढरा शर्ट एका चालीने वर सरकायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा सरकायचा. थांबला की आई श्वास धरायची. "खडा टोचला असंल," ती म्हणायची, जणू तो तिच्याच पायाला टोचला होता. पहिलं वळण आलं आणि शर्ट दिसेनासा झाला. आईने तरी नजर काढली नाही. मी तिला केळं दिलं, तिने ते तसंच हातात धरून ठेवलं.

बोटाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. वाचलं. जखम भरायला पावसाळा निम्मा सरला, डॉक्टर दोनदा रागावले, एकदा पू झाला तेव्हा आम्ही पुन्हा घाबरलो, पण अंगठा जागेवर आहे आणि त्याच्याखाली नवी गुलाबी कातडी आली आहे. मी अजून अधूनमधून तो अंगठा बघते. आईला त्याचं हसू येतं. पण त्या सकाळी चिंचेखाली आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि आई मला सारखी विचारत होती, "त्यांनी वर जाऊन हात जोडले तर गं?"

"तर काय? तुझा नवस पक्का होईल."

"न्हाई गं," ती कळवळून म्हणाली. "त्यांनी जोडू नयेत."

एकाच वेळी नवस फिटावा आणि नवऱ्याने हात जोडू नयेत, असं तिला मनापासून वाटत होतं. माझ्या डोक्यात हे बसायला वेळ लागला. तिला मात्र त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

वर काय झालं ते मला नवऱ्याने सांगितलं. आबा माथ्यावर पोचले तेव्हा देवळाच्या पारावर गुरव आणि दर्ग्याचे मुजावर शेजारी शेजारी बसून बशीने चहा पीत होते. गुरवाचं लक्ष आबांच्या पायांकडे गेलं.

"नवस का वो?"

"व्हय. बायकोचा."

"महादेवाचा?"

"न्हाई."

"मग आमच्या बाबांचा असंल," मुजावर सरसावून म्हणाले.

"न्हाई."

"मग काय पादुकांचा? तिथं तर कुनी काय मागत न्हाईत, तिथं नुसतं बसत्यात," गुरव म्हणाला.

"डोंगराचा," आबा म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. असला नवस त्यांच्याकडे आजवर आला नसावा. गुरवाने जरा विचार केला. "डोंगराचा म्हंजे मग समदाच आला की. आमी वर बसलोय खरं, पन धरून तर त्योच बसलाय आमास्नी." मुजावरांनी थर्मास उघडला आणि म्हणाले, "मग आमचा काय हक्क न्हाई. च्या घ्या, बसा."

आबांनी बसून चहा घेतला. मग उठले, देवळाकडे नाही, दर्ग्याकडे नाही, पादुकांकडे नाही, लेण्यांकडेही नाही, तर मधल्या उघड्या खडकावर जाऊन उभे राहिले, जिथे कुणाचाच झेंडा नव्हता. टाचा जुळवल्या, हात शिवणीला लावले. सावधान. थोडा वेळ तसेच, वाऱ्यात. मग विश्राम. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "चल. ती वाट बघत असंल." नवरा सांगतो, त्याला क्षणभर वाटलं की आपणही टाचा जुळवाव्यात, पण लाज वाटली. नवरा सहसा असलं काही कबूल करत नाही.

उतरताना त्यांना चढण्यापेक्षा जास्त त्रास झाला. शेवटच्या पायऱ्या ते बाजूच्या कठड्याला धरून, एकेक पाऊल तपासत आले. आईने आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. तळवे लाल झाले होते, एका टाचेला भेग पडून रक्त आलं होतं, बोटं सुजली होती.

"पोचला?" तिने विचारलं.

"पोचलो."

"कोन भेटलं?"

"दोगं भेटलं. च्या पाजला. गोड लय हुता."

"हात जोडलं?"

"न्हाई."

"बरं केलंसा," आई म्हणाली, आणि सीटला पाठ टेकून तिने डोळे मिटले. मिरजेहून आल्यापासून मी तिला अशी टेकून बसलेली पाहिली नव्हती. एवढे दिवस ती कायम पुढे वाकून बसायची, जणू कुणी तरी कधीही हाक मारणार आहे.

मी पिशवीतून चपला काढल्या. वाकायला गेले तर आबांनी माझ्या हातातून घेतल्या. "तुजं टाकं हायत," म्हणाले. गाडीच्या दाराशी ते मातीत गुडघ्यावर टेकले, पट्टीचा पाय तळहातावर घेतला आणि पट्ट्याचं वेल्क्रो उघडून चप्पल हळूच सरकवली. दुसरी घातली. आई समोर डोंगराकडे बघत होती.

"बसली का नीट?" आबांनी विचारलं.

"मला काय कळतंय? तुमीच बघून सांगा."

आबांनी टाचेमागून बोट फिरवलं, अंगठ्यापाशी दाबून पाहिलं, पट्टा जरा सैल केला, पुन्हा बोट फिरवलं. इतक्या निगुतीने त्यांनी कधी स्वतःची बंदूकही तपासली नसेल. "बसली," ते म्हणाले.

मग त्यांनी आपल्या चपला घालायचा प्रयत्न केला. पाय सुजले होते, एकही चप्पल चढेना. आईने ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तिचा जुना मिस्कीलपणा आला. "आता तुमी कुनाला बोललाय वो?" तिने विचारलं. माझा नवरा आधी फुटला, मग मी. टाके ताणले तरी मला थांबता येईना. आबा तेवढे गंभीर राहिले, हातात चपला घेऊन.

आई एकटी गाडीतून उतरली. चपला घालून दोन पावलं चालली, पदर सारखा केला आणि वर माथ्याकडे बघत, गल्लीतल्या शेजारणीशी बोलावं तशा आवाजात डोंगराला म्हणाली, "झालं बघ आमचं. आता तुजं तू, आमचं आमी."

तेव्हा आबाही हसले.